उष्टा आवाज

ऐकण्याच्या खोलीतल्या हेडफोनना वास यायचा. केसांच्या तेलाचा, कानांच्या घामाचा, आणि जेवून हात न धुता येऊन बसलेल्या माणसांचा. हेडफोन असे भारी की हात लावायला भीती वाटावी. पण त्यांच्या गाद्या बदलायचं काम कुणाचं, हे एवढ्या मोठ्या इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मग कानसेनबाई पर्समधून लेकीचे ओले वाइप्स काढायची, डावी गादी पुसायची, उजवी पुसायची, वाइपवर उमटलेला तपकिरी गोल बघायचा नाही असं ठरवूनही बघायची, आणि श्वास रोखून हेडफोन डोक्यावर चढवायची.

कानसेनबाई हे तिला संस्थेने दिलेलं नाव. गाणाऱ्यांत तानसेन तसे ऐकणाऱ्यांत कानसेन, म्हणून. संस्थेत नखाएवढी चिप बनत होती. कानात खोचायच्या बिनतारी इअरफोनमध्ये ती बसणार होती. तिचं काम एवढंच, की आवाज दाबून दाबून लहान करायचा; इतका, की तो हवेतून भुर्रकन जावा आणि ऐकणाऱ्याला मात्र काही गळाल्याची शंकासुद्धा येऊ नये. आवाजातलं काय ठेवायचं नि काय फेकायचं हे ठरवणाऱ्या टोळीच्या मुख्य इंजिनिअरला सगळे कात्री म्हणत. तोंडावर कात्रीसर.

"बाई, माणसाच्या कानाला निम्मं ऐकूच येत नाही," कात्री म्हणायचा. "मग निम्मं पाठवायचं कशाला?"

कात्रीने कापलेलं कुठे उसवलंय ते हुडकायचं काम कानसेनबाईचं आणि तिच्या हाताखालच्या पाच जणांचं. पडद्यावर तीन बटणं. पहिल्यावर मूळ आवाज. उरलेल्या दोहोंपैकी एकावर पुन्हा तोच मूळ आवाज लपवलेला, दुसऱ्यावर चिपमधून पिळून निघालेला. कुठला कुठे ते कुणालाच सांगायचं नाही. ऐकायचं, गुण द्यायचे, पुढे जायचं.

या कामाने माणसाला एक खोड लागते. तांदूळ निवडणारी बाई तांदूळ बघत नाही, खडे बघते. तसं इथलं. आवाज ऐकायचा नाही, आवाजातला खडा ऐकायचा. कुणी भाषण करत असेल तर तो काय बोलतोय हे कानसेनबाईला शेवटपर्यंत कळायचं नाही. त्याचा 'स' कुठे फाटला ते मात्र झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं.

चाचणीचे तुकडे ठरलेले होते. फुटणारी काच, लांबवरची घंटा, बातम्या वाचणारा माणूस. आणि 'गाय'. गाय सगळ्यांत अवघड. काही सेकंदांचाच तुकडा: एक यंत्र धप्-सूं, धप्-सूं करतंय, त्यावर कुणी बाई तोंड मिटून गुणगुणतेय, आणि मध्येच श्वास घेतेय. यंत्राचा ठोका दांडगा, गुणगुणणं नाजूक, आणि ठोक्याच्या सावलीत लपलेला तो श्वास. चिप नेमकी तिथे ठेचकाळायची.

"गोठ्यातली आहे," पहिल्या दिवशी कात्रीने सांगितलं होतं. "यंत्राने दूध काढताना गवळीण गाते."

"म्हणून गाय?"

"म्हणून गाय."

मागे कुणाला तरी ठसका लागला होता. कानसेनबाईने पाण्याची बाटली पुढे केली होती.

मग कितीतरी महिने ती त्या गवळणीच्या मागे लागली. "आज गवळणीचा श्वास तुटतोय." "आज श्वास ठीक आहे, पण ठोक्याच्या आधी सावली ऐकू येते." सगळे गंभीर चेहऱ्याने टिपून घ्यायचे. गवळणीच्या जिवावर चिप सुधारत गेली. आता येत्या शुक्रवारी बाहेरच्या चार संस्थांची माणसं येणार होती, आणि इथले तुकडे पसंत पडले तर ते सामाईक संग्रहात जाणार होते; म्हणजे जगात कुठेही कुणी असली चिप करायला बसलं की त्याला हेच तुकडे ऐकावे लागणार. कात्री त्या आठवड्यात शीळ घालत फिरत होता.

रविवारी दुपारी तिने घरच्या कंप्युटरवर शुक्रवारचे तुकडे एकदा लावून बघायला घेतले. नवरा गच्चीत कपडे वाळत घालत होता. सासूबाई स्वयंपाकघरात होत्या. आणि ठकू, म्हणजे नुकतेच दोन दात आलेली लेक, या घराची खरी मालकीण, जमिनीवर बसून एका पळीशी भांडत होती. पळी हरली, तेव्हा ठकूचं लक्ष हेडफोनच्या वायरीकडे गेलं. तिने ती दोन्ही हातांनी ओढली. वायर निसटली आणि खालच्या फळीवरच्या स्पीकरमधून गाय सुरू झाली. धप्-सूं, धप्-सूं, गुणगुण, श्वास. संपली की पुन्हा पहिल्यापासून.

ठकूने आईच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड मिटलेलं होतं. मग तिने स्पीकरकडे पाहिलं. पुन्हा आईकडे. आणि मग काहीतरी ठरवल्यासारखी ती भराभर रांगत गेली, फळीला धरून अर्धवट उभी राहिली आणि स्पीकरच्या जाळीला तोंड लावलं. ओठ चुटूचुटू हलायला लागले.

"अगं, पाजतेयस का तिला?" आतून सासूबाई ओरडल्या. "मग तिचं खाणं नंतर आणते."

"नाही हो आई, मी काम करतेय."

"काम करतेयस तर गुणगुणतंय कोण?" ओले हात झटकत त्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. "अगं बाई, हा तर तुझाच आवाज. आणि ते तुझं दुधाचं यंत्र. हे कशाला भरून ठेवलंस गं?"

कानसेनबाईने गाय त्या क्षणी पहिल्यांदा ऐकली. खडे नव्हेत, तांदूळ. ते गुणगुणणं तिचं स्वतःचं होतं, तिनेच जुळवलेलं, बिनशब्दांचं, ठकू पोटात असताना सुरू झालेलं. जगात ते फक्त दोघींना माहीत होतं. असं ती समजत होती.

तिने धावत जाऊन ठकूला उचललं. पोरीच्या जिभेवर जाळीवरची काळी धूळ लागली होती. ती बोटाने पुसताना तिला उमासा आला, आणि तो धुळीचा नव्हता.

मुकी खोली. हे तिथेच भरलं गेलं असणार. भिंतींना, छताला, पायाखालच्या जाळीच्या खालीसुद्धा फोमचे सुळके. तिथे टाळी वाजवली तर ती हातातच मरते. संडास सोडले तर संपूर्ण संस्थेत आतून कडी असलेला तो एकच दरवाजा. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिने दूध काढायला जागा मागितली, तेव्हा साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, म्हणाले होते, "अहो मॅडम, बायकांचं टॉयलेट आहे ना!" लेकीचं जेवण संडासात बसून भरायचं! शेवटी मापाऱ्याने तिला मुक्या खोलीची किल्ली दिली. मापारी म्हणजे मायक्रोफोन तपासणारा तंत्रज्ञ, वयाने वडीलधारा. "ताई, बसा निवांत. दारावर लाल दिवा नसेल तेव्हा आत काही चालू नसतं."

ती रोज बसायची. लेकीला डोळ्यांसमोर आणून ते गुणगुणल्याशिवाय दूध उतरायचंच नाही.

सोमवारी ती थेट मापाऱ्याच्या खोलीत गेली. तो वायरीला डाग देऊन जोडत बसला होता. तिचा चेहरा बघून त्याने सोल्डरची बंदूक हळूच स्टँडवर ठेवली.

"ताई, मी मुद्दाम नाही केलं."

"मी अजून काही बोललेच नाही."

"नाही, पण… कधीतरी कळणारच होतं." तो खाली बघून बोलत राहिला. मायक्रोफोनची स्वतःची बारीकशी कुजबुज असते, ती मोजायला तो मायक्रोफोन चालू ठेवून जायचा. त्या दिवशी दारावरचा दिवा गेलेला होता. बदलू बदलू म्हणत राहून गेला. नंतर ऐकायला बसला तर शांततेत मध्येच हे गुणगुणणं. "मी पुसणारच होतो हो. कात्रीसर मागे उभे होते. म्हणाले, खबरदार, असा तुकडा शोधून मिळायचा नाही."

"मीच आहे, हे सांगितलंत?"

"सांगायला कशाला हवं? ओळखलं त्यांनी."

"माझ्या पॅनेलवर कुणाकुणाला माहीत आहे?"

मापाऱ्याने बंदुकीचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. चर्र झालं. "दोघातिघांना. पण गाय हे नाव मी नाही ठेवलं, ताई. शपथ. ते असंच पडलं."

"पाऊस असाच पडतो. नाव कुणीतरी ठेवावं लागतं."

तिला पाण्याची बाटली आठवली. खोकणाऱ्याला तिने पाणी दिलं होतं, आणि तो घटाघटा प्यायला होता.

कात्रीला मात्र लाजायचं काही कारणच दिसेना. तो खुर्ची फिरवून, पेनचं टोक चावत, दोन्ही हात पसरून म्हणाला, "अखेर! अहो, आमच्यात पैज लागली होती. मी म्हणत होतो, कानसेनबाई आठवड्यात ओळखतील. साफ हरलो मी तुमच्यामुळे."

"तुम्ही मला सांगितलंत, गवळीण आहे."

"गंमत हो."

"आणि गाय?"

"आता गाय काय शिवी आहे का? गरीब, शांत, उपयोगी प्राणी." त्याने पडद्याकडे खुर्ची वळवली. "ते सोडा. हे बघा. बघाच." त्याने तिचा एक श्वास रंगीत आलेख म्हणून पडद्यावर उघडला आणि ताणून लांबलचक केला. खाटकाच्या फळीवर पसरावा तसा तो तिथे पसरला होता. लाल, पिवळा, कडेला जांभळट. कात्री पेनच्या ओल्या टोकाने एकेक जागा दाखवत होता. "इथे ठोका येतो. इथे तुमचा घसा किंचित उघडतो. हे एवढंसं दिसतंय ना? यासाठी मी रविवारची जेवणं सोडलीत, बाई. मी हा श्वास माझ्या बायकोच्या श्वासापेक्षा जास्त ऐकलाय." आणि त्याने तो मोठ्या स्पीकरवर लावला. हळू, जाड, पुन्हा पुन्हा.

तो वाईट बोलत नव्हता, हीच तर शिसारी होती. तो कौतुक करत होता. कौतुकाला उत्तर म्हणून तिने हसावं, अशी त्याची वाट पाहणारी मान जरा तिरकी झाली होती.

"पुसा ते," ती म्हणाली.

"काय?"

"सगळीकडून पुसा."

"वेड लागलंय का? चिपची सगळी कोष्टकं त्यावर बेतलीत!"

साहेबांच्या खोलीत चहा आला होता. त्यांनी बिस्किट कपात बुडवलं, जरा जास्त वेळ बुडवलं, आणि ते मधोमध तुटून आत पडलं. सगळं बोलणं होईपर्यंत ते चमच्याने तो लगदा शोधत होते.

"तुमच्या भावना मी समजू शकतो, मॅडम. मलाही मुली आहेत. आपण असं करू, नाव बदलू. 'गाय' खरंच बरं नाही. 'माता' ठेवू." लगदा सापडला. तो तोंडात गेला. "कसं वाटतं? आदरणीय."

"मला नाव बदलून नको. मला ते बाहेर जायला नकोय."

"पण आहे कोण ओळखणारं? आवाजाला काय चेहरा असतो?"

"माझ्या मुलीने ओळखला."

"तुमची मुलगी काही संग्रहाच्या समितीवर नाही." ते स्वतःच्या विनोदावर हसले, हनुवटीवर चहाचा थेंब थांबला. मग ते पुढे झुकले. "हे बघा. शुक्रवारी संग्रहवाल्या बाई प्रत्येक तुकड्याला एक प्रश्न विचारतात. आवाज कुणाचा, आणि ऐकून गुण देणाऱ्यांत तो माणूस होता का? पद्धत आहे त्यांची. स्वतःच्या आवाजाला कुणी गुण द्यायचे नसतात, हे तुम्हाला मी काय सांगायचं. त्या प्रश्नाचं उत्तर मी देईन. तुम्ही फक्त शेजारी बसा. बोललात तर नाचक्की कुणाची होईल, विचार करा. आवाज तुमचा म्हटलं की तुम्ही तिथे काय करत होतात, तेही सांगावं लागणार. चार संस्थांचे लोक. बहुतेक पुरुष."

ती उठली. दाराशी पोचेपर्यंत चमचा कपावर वाजत होता.

त्या आठवड्यात दूध आटलं. मुक्या खोलीकडे तिचे पाय वळेनात. टॉयलेटमध्ये, झाकणावर टिश्यू पसरून ती यंत्र लावून बसली. शेजारी कुणीतरी पाणी सोडलं, फिनेलचा भपकारा आला. गुणगुणायला तोंड मिटलं की घशात कात्रीचं ओलं पेन टोचायचं. यंत्र कोरडं धपधपत राहिलं. बाटलीच्या तळाला चार थेंब जमले तेही तिने बेसिनमध्ये ओतून दिले. तिथल्या हवेत भरलेलं ठकूला द्यायचं नव्हतं.

"मी बोलू का जाऊन त्याच्याशी?" नवरा म्हणाला. तो ओट्याशी बाटल्या उकळत होता. "एक कानफटात देतो. कात्रीची सुरी करतो."

"तू? तुला दारात वॉचमनने हटकलं तर तू सॉरी म्हणून परत येशील."

"ते खरं आहे," त्याने कबूल केलं. "मग सोड नोकरी."

"नोकरी सोडली तर आवाज येणारे का परत?"

"बरं, तुला नेमकं हवंय काय? त्यांनी माफी मागावी?"

"नको रे. माफी मागायची म्हणजे पुन्हा त्यांची तोंडं बघायची." तिने ठकूच्या मानेत नाक खुपसलं. पावडर आणि आंबूस दूध. या वासाची तिला कधीच घाण वाटली नव्हती. "ते बाहेर जायला नको, बस. आज इमारतीतल्या लोकांकडे आहे. शुक्रवारनंतर कुठे कुठे जाईल, कोण कुठे बसून माझा श्वास ताणून बघेल, मला कळणारसुद्धा नाही. ही मोठी होईल तेव्हाही ते चालूच असेल."

"म्हणजे बोलायचं."

"म्हणजे बोलायचं. आणि मला बोलायचीही किळस येते."

सासूबाई भाजी निवडत होत्या. इतका वेळ गप्प बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "लाज तुला कसली? चोरून ऐकणाऱ्याने लाजावं," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून: "पण खरंच का गं तू त्या सगळ्या परक्या पुरुषांत उभी राहून दूध म्हणणार?"

"ते सगळे चहात घालून पितात, आई."

"ते म्हशीचं असतं."

"म्हशीलाही कुणी विचारत नाही."

सासूबाईंना हसू आलं, मग त्यांनी ते पदराने पुसून टाकलं आणि निवडलेल्या भाजीतच देठं टाकली.

शुक्रवारी सभागृहात नवा गालिचा होता. त्याचा रबरी दर्प डोक्यात चढत होता. साहेब मधोमध. एका बाजूला कात्री, इस्त्री केलेला. दुसऱ्या बाजूला ती. समोर पाहुणे, आणि त्यांच्या पुढे संग्रहवाल्या बाई: किडकिडीत, आखूड केसांच्या, चहा विचारला तर 'नंतर' म्हणणाऱ्या आणि नंतरही न पिणाऱ्या.

तुकडे वाजू लागले. काच. "कुणी फोडली?" "संस्थेच्या कार्यशाळेत." "ठीक." घंटा. "ठीक." बातम्या वाचणारा माणूस. "ऐकणाऱ्यांत होता?" "नाही." "ठीक."

"पुढचा तुकडा, 'माता'," साहेब म्हणाले.

सभागृहाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून धप्-सूं सुरू झालं. त्यावर ती. इतकी मोठी, की भिंती तिच्या घशाच्या असाव्यात. पाहुण्यांनी डोळे मिटले. एकाने मान डोलावली. कात्री ओठांतल्या ओठांत साथ करत होता; त्याला प्रत्येक श्वास पाठ होता. तुकडा संपला, पुन्हा लागला. पुन्हा लागला.

आणि तिचं शरीर फितूर झालं. आठवडाभर रडून, मिनतवाऱ्या करून न उतरलेलं दूध, त्या लोकांच्या स्पीकरला ओळखून, खळकन उतरलं. आधी त्या ओळखीच्या कळा. मग ऊब. मग कुडत्यावर दोन्हीकडे पसरत जाणारा ओलावा. तिने ओढणी पुढे ओढली. ओढणीही भिजली. ठकू जाळीला कशी चिकटली होती ते तिला आठवलं. माय-लेकी दोघींना एकाच पेटीने फसवलं होतं. आजवर तिला त्यांची किळस येत होती. आता क्षणभर स्वतःची आली, आणि तीच सहन होईना.

"आवाज कुणाचा?" संग्रहवाल्या बाईंनी विचारलं.

"एका गोठ्यातली गवळीण," साहेब म्हणाले. "नाव माहीत नाही. ऐकणाऱ्यांशी काही संबंध नाही."

बाई लिहायला लागल्या.

"माझा आहे," ती म्हणाली. उभं राहायचं ठरवलं नव्हतं, पण ती उभी होती, आणि ओढणी खुर्चीतच राहिली होती. "आवाज माझा आहे. मी मुलीसाठी दूध काढत होते. दार लावून. कुणीतरी भरून घेतलं. मला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. गेले कित्येक महिने मुख्य श्रोती म्हणून याला गुण मीच देतेय."

साहेब तिच्या बाहीला हात घालत होते. "मॅडम जरा भावनिक…"

"हे बघा," ती म्हणाली, आणि स्वतःच्या भिजलेल्या कुडत्याकडे बोट केलं. "गवळीण इथे आहे."

एका पाहुण्याने छताकडे बघायला सुरुवात केली. दुसऱ्याने नाक ओढलं, जणू वास आला असावा. सभागृहात गालिच्याच्या रबराशिवाय कसलाच वास नव्हता.

संग्रहवाल्या बाईंनी लिहिलेली ओळ खोडली. "मग हा तुकडा घेता येणार नाही," चहाला नको म्हणावं तशा त्या म्हणाल्या. "यावरचे गुणही धरता येणार नाहीत. आणि तुमच्याकडेही तो ठेवता येणार नाही. या बाईंच्या समोर सगळीकडून काढून टाका. मला कळवा. पुढचा?" त्यांनी तिच्याकडे दयेने वगैरे काही पाहिलं नाही. त्याबद्दल ती त्यांची फार आभारी झाली.

"पण तुकडा किती चांगला आहे हो," कात्री कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

पुसायला बसले तेव्हा कळलं, गाय कुठे कुठे चरून आली होती. पॅनेलच्या यंत्रांवर होती. चिप बनवणाऱ्यांच्या तळघरात होती. स्वागतकक्षातल्या इअरफोनच्या नमुन्यात होती. आलेला-गेलेला तो कानात घालून बघायचा. एकाने ती फोनची घंटा म्हणून लावली होती; त्याने मान खाली घालून फोन पुढे केला, फोनची काच बोटांच्या ठशांनी चिकट होती. तिने प्रत्येक ठिकाणी कळ स्वतः दाबली. कुणी "सॉरी" म्हणालं, कुणी "आमचं काम वाढलं" म्हणालं. मापाऱ्याने आपली प्रत तिच्या यायच्या आधीच पुसली होती. मुक्या खोलीच्या दारावर त्याने नवा दिवाही लावला होता. तो दाखवायला त्याने तिला तिथवर नेलं. ती त्या दिव्याकडे बघून पुढच्या यंत्राकडे वळली.

शेवटी कात्रीचं यंत्र. त्याच्याकडे मूळ, न कापलेलं ध्वनिमुद्रण होतं.

"एकदा पूर्ण ऐका तरी," तो म्हणाला. रागावलेला होता, आणि खरंच विनवतही होता. "तुम्ही कधी ऐकलेलंच नाही. दोष सोडून काही ऐकता का तुम्ही लोक?"

तिने त्याचे हेडफोन घातले. पुसायचे राहून गेले. धप्-सूं. गुणगुण. ती लांबत गेली, सैल झाली, मध्ये कुठे तरी सूर चुकला आणि तसाच पुढे गेला. मग यंत्र बंद झाल्याची टक्. मग बाटलीचं झाकण फिरलं. आणि तिचाच आवाज, अगदी जवळून: "चला ठकूबाई, तुमचा डबा भरला." आणि एकटीचं हसू.

आपण असं बोलतो, असं हसतो, हे तिला माहीत नव्हतं. ठकूला रोज हे ऐकू येतं. मोठी झाल्यावर ठकूला हे ऐकवता येईल. पर्समध्ये पेनड्राइव्ह होता. हात पर्सपर्यंत गेला.

मग तिला कानावरच्या गाद्या जाणवल्या. कात्रीच्या कानांनी ऊबदार, किंचित ओलसर. कात्रीने हे हसू ऐकलं होतं. किती वेळा, देव जाणे. तिच्या आधी, तिच्यापेक्षा जास्त. हा डबा सगळ्यांनी चाखून झालेला होता. ठकूला तिने आजवर कुणाचं उष्टं भरवलं नव्हतं.

तिने कळ दाबली.

"कचरापेटीतूनही काढावं लागतं," कात्री घोगऱ्या आवाजात म्हणाला. "नाहीतर राहतं ते."

तिथूनही काढलं. मग बेसिनवर जाऊन तिने कान साबणाने धुतले, आतल्या वळशांतून, मागून, पुन्हा एकदा.

घरी ठकू रडून लाल झाली होती. सासूबाईंनी पोर मांडीवर दिली आणि दार ओढून घेतलं. तिने गुणगुणायला तोंड मिटलं. आत काहीच नव्हतं. पुसलं होतं तिथे पुसलेलंच होतं. ठकू वाट बघत होती.

"एक होता साहेब," ती म्हणाली. लेकीशी बोलायच्या त्याच मऊ, गोड आवाजात. "अस्सा घाणेरडा साहेब. त्याचं बिस्किट चहात पडलं गं पडलं. आणि एक होती मेली कात्री, ओलं ओलं पेन चावणारी. मुडदा बशिवला तिचा, हो की नाही? आणि त्यांच्या हेडफोनला कानांचा मळ, ई…"

ठकू खुदकन हसली, तोंड वासून पुढे झाली, आणि दूध आलं.